ओठांत सात खिळे

आचलनं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या ओठांत सात खिळे होते. त्यामुळे पहिल्या भेटीतलं सगळं बोलणं तिनंच केलं. तसं पाहिलं तर बोलायला समोरच्याची मदत लागावी, अशी ती मुलगीच नव्हती.

कौंडण्यपूरची कार्तिकातली यात्रा भरली होती. वर्धेच्या पात्रावरून गार वारा येत होता. घाटावरून बायका काकडत दर्शनाच्या रांगेकडं चालल्या होत्या, आणि आचल देवळाकडं पाठ करून एका लिंबाखाली उभी होती. लिंबाला एक पांढरी घोडी बांधलेली. घोडीचा पुढचा उजवा पाय एका माणसाच्या मांडीत. माणूस इतका वाकलेला, की त्याची फक्त पाठ दिसत होती, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या आणि वरखाली होणारी हातोडी.

"तुमी नालबंद काय?" तिनं विचारलं.

"हं."

"घरचाच धंदा?"

"अंहं."

"मंग शिकले कोठी? अकोल्याले?"

"हं."

"किती वर्सं झाले? दोन? तीन? चार?"

चारवर "हं" आलं. तिनं काखेतली वही उघडून भराभर लिहून घेतलं.

"अन् या कामात काय दुखते?"

हातोडी थांबली. घोडी लाथ मारत नाही का, असं त्याला आजवर शंभरांनी विचारलं असेल. काय दुखतं, हे कोणीच विचारलं नव्हतं. त्यानं डावा हात मागं नेऊन स्वतःच्या कंबरेवर दोनदा थापटला आणि मान वर केली. उन्हानं रापलेला चेहरा, कपाळावर घाम, ओठांच्या फटीतून डोकावणारे खिळे... हा माणूस हसला तर टोचून घेईल, असं तिच्या मनात आलं. तो हसला नाही. फक्त त्याचे डोळे हसले, आणि आचलला पुढचा प्रश्न आठवेना. असं तिच्या बाबतीत सहसा होत नसे.

एकेक करत खिळे खुरात गेले. शेवटचा ठोकून झाला तेव्हा कुठं त्याचं तोंड मोकळं झालं.

"मॅडम जनगणनेतून आल्या का?"

"नाई."

"मंग पेपरवाल्या असान."

"नाई."

"मंग माह्या कंबरेची चौकशी कायले करून राहिल्या?"

घोडीचे मालक नत्थुजी दोर धरून उभे होते, ते खो खो हसले. अकोल्याजवळच्या खेड्यातले हे गृहस्थ. घोडीचं नाव जमुना. लग्नाच्या वरातींना तिला न्यायचं आणि उरलेल्या वेळात तिचं कौतुक करायचं, हे त्यांचं आयुष्य. नालबंदाचं नाव कुलदीप, हेही त्यांनीच सांगितलं.

मग आचलनं आपली हकिगत सांगितली. ती धामणगाव रेल्वेच्या भगवंतरावांची धाकटी. घरी कपाशी-तुरीचं शेत. पशुसंवर्धनाची पदविका करून ती अमरावतीला मावशीकडं राहत होती. मामानं नांदगाव पेठच्या एका सूतगिरणीत तिची नोकरी ठरवली होती, दिवसभर सुताच्या रिळांवर नजर ठेवायची. भगवंतराव म्हणाले होते, होळीपर्यंत तुझा धंदा तू पाहा, होळीनंतर गिरणी. आणि आचलनं ठरवलं होतं की पाहायचा तर घोडाच.

"घोडाच काहून?" कुलदीपनं हात पुसत विचारलं.

"लहानपनी चुलतभावाच्या वरातीत सारे जन नवरदेवाकडं पाहून राहिले होते. मी घोडीच्या तोंडाकडं पाहून राहिली होती. ते काय विचार करून राहिली असन, हे कोनालेच पडलं नव्हतं. तवापासून मले पडलं आहे."

तिनं वही त्याच्यासमोर धरली. घोड्याच्या जिवावर जगणाऱ्या प्रत्येकाला एक पान. पानावर चार ओळी. कोण, काय करतो, कोणी शिकवलं, काय दुखतं. आतापर्यंत तीन पानं भरली होती. त्यातला एक यात्रेतलाच घोड्यांचा दलाल, जो घोड्याच्या कपाळावरचे भोवरे बोटानं चाचपून मालकाचं भविष्य सांगायचा. त्याचा घसा दुखायचा.

कुलदीपनं पानं उलटली. "तीनच? घोड्यापाठी कमीत कमी पंधरा जन खाऊन राहिले असतीन. अकोल्याले या. आमच्या ताहेरचाचाच्या दुकानात बसलं का सारे आपोआप येतेत."

"कवा येऊ?"

"माह्या पानावर अर्धं कोरं आहे नं," तो खाली पाहत म्हणाला, "ते भराले कवाबी या."

यावर आचल लाजली, असं लिहायला हरकत नाही. पण तिनं आधी पुढच्या रविवारची तारीख वहीत टिपली आणि मग लाजली.

*

अमरावती ते अकोला एसटीनं जायचं म्हणजे अडीच तासांचा प्रवास. आचल दर रविवारी निघायची. मावशी डब्यात गिला वडा द्यायची, आणि पोरगी अभ्यासाला जाते या समजुतीत खूश असायची. तसा तो अभ्यासच होता. फक्त विषय थोडा वाढला होता.

ताहेरचाचांचं दुकान म्हणजे एक पत्र्याची ओसरी, एक ऐरण आणि भिंतीला टांगलेल्या नाला. सत्तरी गाठलेले चाचा अकोल्यातले जुने नालबंद. त्यांना दोन मुली, दोघी सासरी. कुलदीप बार्शीटाकळीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. बी.ए. झाल्यावर एकदा बैलाला नाल मारायला घेऊन आला. बैल परत गेला, कुलदीप गेलाच नाही. शेतकऱ्याचं पोर असून घोड्यांचे पाय धरत बसतं, असं गावात चार वर्षं चाललं होतं. त्याच्या बापानं तर बोलणंच कमी केलं होतं. कुलदीप याबद्दल हसत बोलायचा, पण ते हसू त्याला पुरत नसे, हे आचलला दुसऱ्याच रविवारी कळलं.

आणि खरंच, त्या ओसरीत सगळे येत गेले. आचल विचारत गेली, आणि नुसतं विचारून तिचं समाधान होत नसे, म्हणून करून पाहत गेली. खोगीर शिवणाऱ्या म्हाताऱ्याकडं तिनं एक दुपार दाभण चालवलं आणि दोन बोटं टोचून घेतली. वरातीच्या घोडीला ताशावर पावलं टाकायला शिकवणाऱ्या उस्तादाकडं तिला समजलं, की घोडी ताशा ऐकत नाही, उस्तादाच्या खांद्याकडं पाहते. त्याचे कान दुखायचे. अमरावतीच्या घोडेस्वारीच्या वर्गात ती आठ दिवस गेली. तिथं मांड्या दुखतात, हे तिनं स्वतःच्या अनुभवावरून लिहिलं. पण तिथल्या बाईंना कामाला घोड्यावर बसणारी नको होती, फोनवर बसणारी हवी होती. शिंगरं वाढवणारा एक जण भेटला, त्याचं शिंगरू विकलं गेलं की आठवडाभर जेवण जायचं नाही. काय दुखतं, या ओळीत तिनं 'मन' लिहिलं आणि बराच वेळ त्या शब्दाकडं पाहत बसली.

"आज कोनतं पान?" कुलदीप दर वेळी विचारायचा.

"साजाचे घुंगरू ओवनारी बाई."

"अन् माह्यं?"

"अर्धंच आहे अजून."

"बाकीच्याइचं एका दिवसात होते. माह्यं काहून नाई होत?"

"तू उत्तरं अर्धी देतं नं... ओठात खिळे धरून."

"मंग खिळे काढून विचारत जा."

"तवा तू लई बोलतं."

'तुमी' कधी गळून पडलं, ते दोघांनाही समजलं नाही. चाचांना समजलं होतं. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, तरी जे पाहायचं ते त्यांना दिसत होतं. आचल समोर बसलेली असली की कुलदीपची नजर दोन ठोक्यांमध्ये एकदा तरी वर जायची.

"बेटा, नाल घोडीले मारतं का तिच्या चपलीले?" चाचा विचारायचे. आणि मग गंभीर होऊन म्हणायचे, "नालबंदाची नजर खुरावरून हलली, का समज घोडीचा पाय गेला. खुराच्या कडेले बोटभर जागा असते. तिच्या आत खिळा गेला, का जितं मांस."

कुलदीप मान खाली घालायचा. दोन ठोके नीट जायचे. तिसऱ्याला पुन्हा तेच.

मार्गशीर्षात चाचांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दुकान एकट्या कुलदीपवर आलं. लग्नसराई ऐन भरात. नत्थुजी जमुनेला घेऊन आले, पुढच्या दोन्ही पायांच्या नाला झिजल्या होत्या. त्या दिवशी आचलनं पहिल्यांदा खूर स्वतःच्या हातात धरून पाहिला. खालच्या बाजूनं तो हाताला थंड आणि खडबडीत लागला, आणि त्यातून घोडीचा सगळा भरवसा आपल्या तळहातावर टेकलाय असं तिला वाटलं. तिनं ते कुलदीपला सांगितलं. त्याच्या ओठांत खिळे होते. पण तो जितका वेळ तिच्याकडं पाहत राहिला, तितक्या वेळात दोन खिळे ठोकून झाले असते.

*

नवव्या दिवशी जमुना लंगडली.

नत्थुजींनी घोडीवाल्यांच्या ग्रुपवर आपल्या आवाजात सांगून टाकलं, की कुलदीपनं खिळा मांसात घातला, माझी घोडी बसवली, त्याच्याकडं कोणी जाऊ नका. उचलली जीभ लावली टाळ्याला. दोन दिवसांत ओसरीवर कोणी फिरकेना. डोळ्यावर पट्टी बांधलेले चाचा खाटेवरून विचारत राहिले, आज ठोक्याचा आवाज काहून नाही.

आचल रविवारी आली तेव्हा कुलदीप हत्यारं तेल लावून पोत्यात बांधत होता.

"नत्थुजीनं मले घोडीले हातबी लावू देल्ला नाई," तो म्हणाला. "अन् लावून काय करू? मले मालूम आहे काय झालं ते. त्या दिवशी माह्यं ध्यान खुरावर नव्हतं."

"कशावर होतं?"

"तुले नाई मालूम?"

इतक्या दिवसांत ती ज्या वाक्याची वाट पाहत होती ते हेच होतं, पण असं मातीत पडलेलं यायला नको होतं.

"चार वर्सं बापानं तोंड फिरवलं तरी मी हातोडी सोडली नाई," तो पुढं म्हणाला. "कारन हात साफ होता. आता तोबी नाई. चाचाचं नाव गेलं माह्यापाई. मी गावाले जातो, शेती पाहतो. अन् तू... तू येऊ नको आता, आचल. तू समोर आली का मले बाकी काई दिसत नाई."

यावर बोलण्यासारखं तिच्याकडं पुष्कळ होतं. पण वही काखेत मारून ती तशीच बसस्टँडवर आली. एसटीत बसल्यावर तिनं कुलदीपचं पान उघडलं. काय दुखतं, या ओळीपुढं एकच शब्द होता, कंबर. ती खिडकीबाहेर पाहत रडली. बडनेरा आलं तरी रडत होती.

पण आचलचा स्वभावच असा, की तिला फार वेळ नुसतं रडता येत नसे. मध्येच प्रश्न पडायचा. आत्ताही पडला. खिळा मांसात गेला हे पाहिलं कोणी? नत्थुजींनी ठरवलं, कुलदीपनं मान्य केलं. दोघांपैकी एकानंही खूर उचलून पाहिलेला नाही. आणि जितं मांस टोचलं तर घोडी त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी लंगडायला हवी. ही नवव्या दिवशी कशी लंगडते?

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा अकोल्याच्या एसटीत होती. मावशीला म्हणाली, परीक्षा आहे. खोटं नव्हतं ते.

*

नत्थुजींच्या अंगणात जमुना सावलीत उभी होती. उभी कसली, पुढचे दोन्ही पाय लांब पुढं टाकून सगळा भार मागच्या पायांवर तोलून धरलेली. आचल तिच्याजवळ बसली. उजव्या खुरावर हात ठेवला. तव्यासारखा गरम. मग डाव्यावर ठेवला.

"काकाजी, लंगडते कोन्या पायानं?"

"उजव्या. नाई... डाव्यानंबी. टाकतच नाई बापा पाय."

"दोन्ही खूर गरम आहेत. खिळा चुकला तं एका पायात चुकन. दोन्ही पायात एकाच दिवशी, तेबी नव दिवसानं?"

नत्थुजींनी वाकून डाव्या खुराला हात लावला. आचलनं वही काढली. "हे खाते काय?"

"कडबा, कुटार, हिरवं गवत. धान्य म्हनशीन तं मूठभर. मी तिले पोरीवानी ठेवतो."

"अन् लग्नात?"

"लग्नात मी कायले चारीन? लग्नात तं शकुनाची डाय असते. नवरदेवाची बहीन चारते."

वरात निघायच्या आधी नवरदेवाच्या बहिणीनं घोडीला भिजवलेली हरभऱ्याची डाळ खाऊ घालायची, ही घरोघरची रीत. नत्थुजींनी कौतुकानं मोबाइल पुढं केला. लंगडण्याआधीच्या सहा दिवसांत पाच वराती, प्रत्येकीचा व्हिडिओ. पहिल्यात बहिणीनं डाळ चारली. मग दुसरी बहीण. मग मावसबहिणी, आत्या, मैत्रिणी. फोटोवाला म्हणत होता, ताई एकदा पुन्हा, इकडं पाहून. आचल अंगणात फतकल मारून बसली आणि मुठी मोजू लागली. एका वरातीत एकेचाळीस मुठी. दुसरीत छत्तीस. तिसरीत तर नवरदेवाच्या भाचीनं परातच तोंडाखाली धरली होती, आणि लोक टाळ्या वाजवत होते.

"काकाजी, हे रोज परातभर डाय खाऊन राहिली होती."

"शकुनाच्या डाईनं काय होते?" नत्थुजी दुखावल्या आवाजात म्हणाले. "शकुनच असते नं तो."

"ते तुमाले मालूम. पोटाले कसं मालूम होईन?"

तालुक्याचे पशुवैद्य आले. त्यांनी खूर दाबून पाहिले, खुरावरची नाडी पाहिली आणि आचलच्या वहीवर नजर टाकली. पोटाला झेपणार नाही इतकं धान्य गेलं, की घोड्याला त्याचा ताप खुरांत उतरतो, खूर आतून सुजतो. औषध, थंड पाण्याच्या पट्ट्या, पायाखाली मऊ वाळू, खायला फक्त वाळलं गवत आणि दोन महिने आराम. वेळेवर लक्षात आलं, म्हणाले. मग निघता निघता म्हणाले, "नाला आजच काढाव्या लागतील. चांगला नालबंद बोलवा."

नत्थुजींनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग उगाच गोठ्याकडं पाहत म्हणाले, "तू बोलाव पोरी. तुह्यं ऐकन तो."

"मी नाई बोलावत," आचल म्हणाली. "ग्रुपवर तुमी बोल्ले होते."

म्हाताऱ्यानं ग्रुपवरच आवाज टाकला. शब्द सुचेनात, म्हणून थांबत थांबत. "कुलदीप, मी चुकलो बापा. खिळ्याचं काई नाई, डाईचं आहे. जमुना वाट पाहून राहिली तुही. ये."

तासाभरात मोटारसायकल आली. कुलदीप आचलकडं न पाहता थेट घोडीपाशी बसला. खिळ्यांची वळवलेली टोकं कापली, नाल सोडवली, एकेक खिळा उपसून तळहातावर घेतला. प्रत्येक खिळ्याचं भोक वाकून पाहिलं. उजवा झाला. डावा झाला. मग तो तसाच मातीत बसून राहिला, हातात खिळे घेऊन.

"सात अन् सात चौदा," तो शेवटी म्हणाला. "एकबी आत गेला नाई."

"तुह्यं ध्यान माह्याकडं होतं तरी," आचल हळूच म्हणाली.

"तरी," तो म्हणाला. आणि आठ दिवसांत पहिल्यांदा त्यानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं, चांगलं पोटभर.

*

पुढचे दोन महिने आचल रविवारच्याऐवजी आठवड्यातून तीनदा येऊ लागली. पट्ट्या ती बदलायची. खूर कुलदीप घासायचा, थोडा थोडा, डॉक्टर सांगतील तसा. आठवड्यागणिक खुराची ऊब उतरत गेली. मधल्या काळात नत्थुजींची गोष्ट साऱ्या घोडीवाल्यांत पसरली. कोणाकोणाचे फोन येऊ लागले, की पोरी, आमची घोडी जरा पाहून जा. आचल गेली, खूर पाहिले, चारा पाहिला, डाळीच्या मुठी विचारल्या. दोन ठिकाणी वेळेआधी थांबवता आलं. पशुवैद्य म्हणाले, तालुक्यात हे पाहत फिरणारं कोणी नव्हतंच. वहीत सतरा पानं भरली होती, आणि हे काम त्यांतल्या एकाही पानावर नव्हतं.

फाल्गुन लागला. अकोल्याच्या वाटेवर पळस फुलले. होळीला चार दिवस उरले, म्हणजे घोडामैदान जवळच होतं, तेव्हा भगवंतराव 'सहज' म्हणून धामणगावहून नत्थुजींच्या अंगणात आले. त्याच दिवशी जमुनेला पुन्हा नाला मारायच्या होत्या. पट्टी उतरलेले ताहेरचाचाही आले होते. तिघं म्हातारे दहा पावलांवर खाटेवर चहा घेत बसले. घोडीच्या साजाला नत्थुजींनी एक पाटी बांधली होती, अक्षर आचलचं. एक मूठ बहिणीची, बाकीच्यांनी गवत चारावं.

आचलनं दोन्ही खुरांवर हात ठेवला. "गार आहेत."

डाव्या पायाला नाल बसवून झाल्यावर कुलदीपनं उजवा पाय मांडीत घेतला आणि सात खिळे ओठांत धरले. आचल त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"आता तुले बोलता येत नाई. म्हनून मी बोलते. ऐकजो."

"हं."

"बाबानं काल इचारलं, कोनता धंदा पक्का केला. मी सांगतलं, गिरनीत जात नाई. गावोगावी घोड्याचे पाय पाहीन, डॉक्टर सांगन तसं करीन."

"हं." एक खिळा खुरात गेला.

"जिथी पाय पाहीन तिथी नालबंद लागन."

"हं." दुसरा गेला.

"रोज लागन, कुलदीप... तू मले आवडतं. यात्रेत कंबर दाखवली तवापासून आवडतं. मले तुह्यासोबत राहाचं आहे. लग्न करशीन माह्यासोबत?"

ठोका हवेतच थांबला. ताहेरचाचांचं शिकवणं असं, की त्यानं नजर खुरावरून हलवली नाही. पण त्याचे कान पळसासारखे लाल झाले.

"हं."

"आयकू नाई आलं."

"हंऽऽ."

खाटेवरून नत्थुजींनी मान वळवली. "काय झालं रे? घोडीनं मारलं काय?"

"नाई, काकाजी," आचल म्हणाली, "पाय चांगला धरला आहे."

भगवंतरावांनी लेकीकडं पाहिलं, मग त्या वाकलेल्या पाठीकडं पाहिलं, आणि चाचांना विचारलं, "हा पोरगा एरवीबी इतकाच बोलते काय?"

"खिळे संपू द्या साहेब," चाचा म्हणाले. "मंग थांबत नाई तो."

उरलेले पाच खिळे कुलदीपनं जितके सावकाश ठोकता येतील तितके सावकाश ठोकले. तोवर आचलनं वही उघडून अठरावं पान लिहायला घेतलं. कोण, आचल. काय करते, घोड्यांचे पाय पाहते. कोणी शिकवलं, जमुनेनं. काय दुखतं, ही ओळ तेवढी कोरी राहिली.

शेवटचा खिळा बसला. कुलदीपनं जमुनेचा पाय हलकेच जमिनीवर ठेवला. तिनं तो टेकला, भार दिला, दुसरा उचलला आणि अंगणातल्या लिंबाला एक फेरी घातली, सरळ, न लंगडता. सगळं अंगण ते पाहत होतं. कुलदीप आचलच्या शेजारी बसला आणि वहीत डोकावला.

"हे कोरं काहून?"

"आज काईच दुखत नाई नं."

"मांडीत खूर धराले शिकशीन तवा समजन," तो म्हणाला. तिच्या हातातली पेन्सिल घेऊन त्यानं त्या ओळीत लिहिलं, कंबर, दोघांची.